तांबी : स्त्रियांच्या वापरावर परिणाम करणारे घटक

तांबी : पाळणा लांबवण्यासाठी गर्भाशयात बसवायचे साधन. तांब्याच्या तारेमुळे हे नाव रूढ झाले. ‘कॉपर टी ३८० ए’ १० वर्षे आणि ‘३७५’ ५ वर्षे काम देते. मूल हवे झाले की काढता येते. पहिल्या वर्षी गर्भ राहण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, तर तांबी वापरणाऱ्या फारच थोड्या.

याचे मूळ काही अंशी इतिहासात आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. १९६५ पासून सरकारने ‘लूप’ हे तांबीआधीचे, गर्भाशयात बसवायचे प्लास्टिकचे साधन देशभर नेले. बसवण्याची घाई झाली, त्यानंतरच्या रक्तस्रावाची विचारपूस मात्र झाली नाही. ‘तांबी पोटात वर चढते’ ही भीती केवळ अडाणीपणाची म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. त्रास सांगणाऱ्या बाईचे तेव्हा कोणी ऐकले नव्हते.

माळशेज घाटाच्या वाटेवरील मढ (ता. जुन्नर) आणि आंबेगावचा पश्चिम भाग यांसारख्या डोंगरी, महादेव कोळी वस्तीच्या मुलखात तांबीच्या त्रासाचा प्रश्न अधिक टोकदार होतो. तांबीने पहिले काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकते. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी असताना, दिवसभर चिखलात वाकून भातलावणी करणारीला हे सोसणे सोपे नाही. पुढे मजुरीसाठी बागायती पट्ट्यात जावे लागले, तर तपासणी राहून जाते.

प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. ही सोय मोलाची. पण पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. तांबी बसते एका गावच्या नर्सबाईंच्या नोंदीत आणि त्रास सुरू होतो सासरी, जिथल्या आशाताईंना त्याची कल्पनाच नसते. नवऱ्याला किंवा सासूला न विचारता बसवली असेल, तर दुखणे सांगायचीही चोरी. शिवाय पहिला मुलगा झाला की मुलगी, यावर पुढचा पाळणा किती लांबवायचा हे अनेक घरांत अजून ठरते. कळा सोसून थकलेल्या बाईने दिलेला होकार खरा होकार मानू नये. तांबीबद्दलची विचारणा गरोदरपणीच्या तपासण्यांत, निवांतपणे व्हायला हवी.

सर्वांत निर्णायक घटक मात्र तांबी काढून मिळण्याचा. ‘काढा’ म्हणताच उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, कारण न विचारता ती काढून मिळते असे जिथे शेजारणीच्या अनुभवाने कळते, तिथे दुसरी बाई धीर करते. ‘अजून थोडे दिवस ठेवा’ असे म्हणून परत पाठवलेली बाई मात्र पुढच्या वेळी थेट ऑपरेशनच मागते.