चोकाची तार

निफाडची थंडी आता वर्तमानपत्रात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला, हे पुण्या-मुंबईची माणसंही सकाळी चहाबरोबर वाचतात. आमच्या लहानपणी आम्हाला आकडा ठाऊक नव्हता. पहाटे मळ्यामळ्यातून शेकोट्या पेटल्या, धूर बागेवर पसरला, की समजायचं, आज द्राक्षाला धोका आहे. विहिरीचं पाणी बागेला सोडायचं, कारण ते पाणी हवेपेक्षा उबदार. अशाच थंडीत आमची गाडी अडून बसली आणि तिच्यापायी एक माणूस आमच्या मळ्यातून गेला. त्याची ही हकीकत.

गाडी म्हणजे फियाट, अकराशे डी. लोक तिला ‘डिलाइट’ म्हणत. आमची १९६८ सालची. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. हीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि त्यातली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. साठ-सत्तरच्या काळात नवी गाडी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, शहरातल्या लोकांचं मन तिकडे गेलं, आणि जुन्या फियाटी खेड्यांकडे सरकल्या. त्यातलीच एक आप्पांनी नाशिकहून आणली. थॉमसनला भाव चांगला मिळाला होता. आजीनं गाडीला ओवाळलं आणि हळूच विचारलं, “हिला वैरण किती लागती रं?”

गाडीची देखभाल तात्यांकडे आली. तात्या आमचे सालगडी. पाडव्याला सालं ठरायची, तशी त्यांची आमच्याकडे नऊ-दहा सालं झाली होती. बैल, मोटार, फवारणीचा पंप, सगळं त्यांच्या हाताखाली. ‘मोटार’ म्हणजे विहिरीवरची. पण गाडी आल्यावर तिचंही त्यांना समजू लागलं. हंगामात ते गाडीच्या शेडमध्येच झोपायचे, राखणीला. शेडमध्ये एका बाजूला फियाट, दुसऱ्या बाजूला मोरचूद आणि गंधकाची पोती.

१९८६ च्या डिसेंबरात गाडी पहाटे सुरू होईना. किल्ली फिरवली की स्टार्टर दमेकऱ्यासारखा एकदा ‘घुऽऽर’ करायचा, दुसऱ्यांदा अर्धाच फिरायचा, मग नुसता ‘कट्’. चोक ओढा, सोडा, पुन्हा ओढा. पेट्रोलचा वास सुटायचा, म्हणजे प्लग भिजले. मग प्लग काढून चुलीवर शेकायचे, फडक्यानं डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातला ओलावा पुसायचा, पुन्हा बसवायचे. तेवढ्यात उजाडायचं. शेवटी चार जण लावून उतारावर धक्का दिला, की गाडी पहिल्या हिसक्यात सुरू. आणि दुपारी? दुपारी अर्ध्या किल्लीत.

हे नीट लक्षात ठेवा. धक्क्यानं लगेच सुरू, दुपारी लगेच सुरू. गाडी आपला आजार स्वतःच्या तोंडानं सांगत होती, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

तात्यांनी त्यावर एक तोड काढली. पहाटे पाटीत निखारे घेऊन ते गाडीच्या ऑइल चेंबरखाली सारायचे. ट्रकवाले घाटावर असं करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. (पेट्रोलच्या गाडीखाली विस्तव! आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. कुणी करू नये.) पण ऑइल पातळ व्हायचं आणि गाडी कधीकधी सुरूही व्हायची. एकदा ते आप्पांना म्हणाले, “आप्पा, स्टार्टर मारला की चोकाची तार पोळती. हात लावून पहा बरं.”

आप्पा हसले. “इंजिन गरम झालं की तार गरम होणारच.”

“पण इंजिन तर गार ऱ्हातं ना, आप्पा.”

हे बोलणं मी स्वतः ऐकलंय. अकरा वर्षांचा होतो, बंब पेटवत होतो. आप्पांनी उत्तर दिलं नाही.

तालुक्याच्या गावी गाडी दोनदा दाखवून झाली. तिथं पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, ऊन वर आलेलं. गॅरेजवाल्यासमोर गाडी शहाण्या मुलासारखी वागायची. त्यानं पॉइंट घासून दिले, प्लग बदलले आणि म्हणाला, “बॅटरी उतरते रात्रीतून.” नवी बॅटरी घेतली. तीन दिवसांनी पुन्हा तेच. आता नवी बॅटरी रात्रीतून का उतरेल? गाडीत आप्पांनी हौसेनं टेप बसवला होता. तात्यांना भजनाच्या कॅसेटी आवडायच्या. शेडमध्ये झोपतो कोण? तात्या. झालं, हिशेब जुळला.

खरं तर साधी परीक्षा होती. संध्याकाळी बॅटरीची वायर सोडून ठेवायची आणि पहाटे जोडून पाहायचं. कुणाला सुचलं नाही असं नाही. पण वायर सोडण्यापेक्षा गड्यावर आळ घेणं सोपं होतं. जानेवारीत एका पहाटे आजीला दम्याचा जोराचा अटॅक आला. गाडी हलेना. शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या टाकून, त्या गारठ्यात आजीला नाशिकला नेलं. ती वाचली, पण आप्पांचा संताप उतरला नाही. परत आले ते थेट शेडकडे. पाडव्याला अजून दोन महिने होते. उचल फिटली नाही म्हणून उरलेली मजुरी कापून घेतली आणि तात्यांना घरी पाठवलं. तात्या एवढंच म्हणाले, “टेप मी दिवसा बी लावला नाही.”

गाडी त्यानंतरही तशीच. शेडमध्ये आता कुणी झोपत नव्हतं, तरी पहाटे ‘कट्’.

फेब्रुवारीत ओझरहून एक मिस्त्री आले. विमानाच्या कारखान्यात उमर गेलेली, निवृत्त. त्यांनी पहिली अट घातली, “रात्रभर गाडी उघड्यावर ठेवा, कुणी हात लावू नका. मी पहाटे पाचला येतो. तापलेल्या गाडीचा आजार मला दिसत नाही.”

आले, स्वेटर-मफलर घालून. बॅटरीची ग्रॅव्हिटी पाहिली. भरलेली. हेडलाइट लावायला सांगितले, लखलखीत. मग म्हणाले, “धक्क्यानं सुरू होते म्हणजे प्लग, पॉइंट, पेट्रोल सगळं ठीक. आणि ही गाडी इटलीवाल्यांची. त्यांच्या ट्युरिनला बर्फ पडतं. थंडी हे कारण नव्हे, थंडी फक्त चुगली करतेय.” त्यांनी मला स्टार्टर मारायला बसवलं, स्वतः बॉनेटमध्ये एकेक जोड हातानं चाचपू लागले. आणि झटकन हात मागे घेतला.

“चोकाची तार पोळतेय.”

आप्पा जागच्या जागी उभे राहिले.

मिस्त्रींनी समजावलं ते असं. बॅटरीची एक वायर बॉडीला जोडलेली. पण इंजिन रबराच्या बुशांवर बसतं, बॉडीला थेट टेकत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. हेडलाइटला चार-पाच अँपिअर लागतात. स्टार्टरला शंभराच्या वर, आणि ऑइल घट्ट असलं की आणखी. ती पट्टी खराब झाली की एवढा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि सापडते ती चोकाची बारीक तार. ती तापते. बाराचे चार व्होल्ट वाटेतच जिरले तर स्टार्टर रेंगाळतो आणि कॉइलला उरलेल्यात ठिणगी पडत नाही. दुपारी ऑइल पातळ, करंट कमी, म्हणून चालून जातं. धक्क्याला स्टार्टरच लागत नाही.

त्यांनी एक जाड केबल काढून बॅटरीपासून थेट इंजिनला लावली. पहिल्या किल्लीत गाडी सुरू. मग खाली शिरून पट्टी काढली. हिरवी पडलेली, दोन-चार तारा शिल्लक, बोल्टखाली गंज. मोरचुदाच्या पोत्यांकडे पाहून म्हणाले, “ह्याच्या शेजारी तांबं किती दिवस टिकणार?” नवी पट्टी बसवली, पत्रा चकचकीत घासून, वर व्हॅसलीन. मजुरी सांगितली ती बॅटरीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नव्हती.

पाडव्याच्या आधी आप्पा तात्यांच्या गावी गेले. चांदवडच्या अंगाला, दोन डोंगर ओलांडून. मला बरोबर नेलं. तात्या दुसऱ्याच्या कांद्यात पाणी भरत होते. आप्पांनी कापलेली मजुरी पुढे केली आणि तारेचं सांगितलं. तात्यांनी पैसे मोजले, बंडीच्या खिशात ठेवले. “साल ठरलंय माझं इथं,” म्हणाले.

चहा झाल्यावर ते गाडीपाशी आले. बॉनेट उघडलं, मला म्हणाले, “मार रं स्टार्टर.” मी मारला. त्यांनी तारेवर बोटं टेकवली.

“गार हाय,” म्हणाले आणि बॉनेट लावून दारं धरायला निघून गेले.