किलोवरची मजुरी

परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या शिवारात खुरपणी रोजाने होते आणि कापसाची वेचणी किलोवर. बाई तीच, रान तेच. पण निंदलेलं तण तोलता येत नाही, ओटीतला कापूस काट्याला लागतो. सकाळच्या दहिवरातला कापूस वजनाला जास्त भरतो, हे वेचणारीलाही ठाऊक आणि मालकालाही. बोंडं भरलेली असतात तोवर किलोचा दर परवडतो. फरदडीला, म्हणजे हंगाम उलटल्यावर राखलेल्या पिकात, कापूस विरळ झाला की वेचणाऱ्या बायांची टोळी दर वाढवून मागते, नाहीतर ‘रोजच द्या’ म्हणते.

काम तितका पैसा दिला की माणूस जास्त राबतो, या जुन्या समजुतीला शास्त्राचा दर्जा दिला तो अमेरिकी इंजिनिअर फ्रेडरिक टेलरने. १९११च्या पुस्तकात त्याने दाखला दिला: बिडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुराची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ केली आणि दिवसाचं काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीसवर गेलं.

मुंबईच्या गिरण्यांत विणकराला मजुरी उत्पादनावरच मिळे. मालकांनी ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली दोनाऐवजी तीन माग सांभाळायला सांगितले, तेव्हा वाढीव पैशापेक्षा शेजारच्याची नोकरी जाण्याची धास्ती मोठी ठरली. त्यातून १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर संपावर होते.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये संशोधकांनी चौदा कामगारांच्या एका खोलीवर नजर ठेवली. तिथे गटाच्या उत्पादनावर मजुरी होती, तरी आपसात ठरल्यापेक्षा जास्त काम करणाऱ्याच्या दंडावर सोबती गुद्दा मारत. आज हात जास्त चालवला तर उद्या दर कापला जाईल, ही त्यामागची भीती. पुढे १९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्गने मांडलं, की पगार कमी पडला तर माणूस चिडतो, पण नुसत्या पगाराने कामाची गोडी लागत नाही.

याचा कापडधंद्यातला पडताळा त्याआधीच, १९५३ साली, अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आला. नव्या स्वयंचलित मागांवर प्रत्येकाला कामाचा एकेक तुकडा वाटून दिला होता, आणि उत्पादन काही वाढेना. लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांनी छोट्या गटांकडे ठरावीक माग सोपवण्याची कल्पना मांडली. गट कसे पाडायचे ते कामगारांनीच ठरवलं. उत्पादन वाढलं, खराब कापड घटलं.

टेलरचा मजूर एकटा होता. फरदडीचा दर मागणारी बाई मात्र टोळीने बोलते, आणि मालकाला तो हिशेब टोळीशीच करावा लागतो.