23:27 वाजेपर्यंत

(सर्व वेळा यूटीसीनुसार. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावेत.)

त्याआधी, रोज

गिटलॅब डॉट कॉम या कोड साठवण्याच्या सेवेवर दर 24 तासांनी एक क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारे काम, चाले. पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढायची आणि अ‍ॅमेझॉनच्या एस-3 वर ठेवायची, एवढेच त्याचे काम. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा होता. प्रत काढणारे साधन कोणत्या आवृत्तीचे वापरायचे, हे डेटा डिरेक्टरीतली एक छोटी फाइल वाचून ठरे. पण जॉब ज्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चाले, तिथे ती डिरेक्टरीच नव्हती. म्हणून 9.2 निवडले जाई आणि ते 9.6 समोर एरर देऊन थांबे.

एररची ईमेल क्रॉन पाठवत असे. तिच्यावर डीमार्कला, म्हणजे ईमेल खरी आहे का हे पडताळणाऱ्या पद्धतीला, लागणारी सही नसे, त्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत असे. बिघाडाची वर्दी निघत होती, पण ती कुणापर्यंत पोहोचत नव्हती.

31 जानेवारी 2017, सुमारे 17:20

एक इंजिनिअर डेटाबेसचा स्नॅपशॉट घेऊन तो चाचणीच्या सर्व्हरवर चढवतो. हे रोजच्या वेळापत्रकातले काम नाही. लोड वाटून देण्याची एक नवी रचना त्याला तपासायची आहे, ताजा डेटा हवा आहे, इतकेच.

19:00 च्या सुमारास

डेटाबेसवरचा ताण वाढतो. संशय स्पॅमवर. आणखी एक कारण नंतर कळले: कुणीतरी कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध खोडसाळ तक्रार केली होती आणि ते खाते, त्याच्या सगळ्या डेटासह, पुसण्याचे काम पार्श्वभूमीत सुरू झाले होते.

22:00

इशारा वाजतो. मुख्य सर्व्हर डीबी1. त्याची सतत अद्ययावत राहणारी प्रत डीबी2. डीबी2 सुमारे 4 जीबीने मागे पडला आहे. गाठण्यासाठी लागणाऱ्या नोंदी डीबी1 ने पुसूनही टाकल्या आहेत आणि त्या वेगळ्या साठवण्याची सोय नाही. आता डीबी2 कोरा करून पहिल्यापासून भरायचा.

इंजिनिअरच्या गावी रात्रीचे 11 वाजत आले आहेत. आता थांबतो, असे तो म्हणाला होता. थांबत नाही.

22:00 ते 23:20

डीबी2 ची डेटा डिरेक्टरी रिकामी केली जाते. इथून पुढे चालू डेटाची एकच प्रत उरते, ती डीबी1 वर.

भरण्याची आज्ञा चालत नाही. डीबी1 वर प्रती पाठवणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा 32 केली जाते. पोस्टग्रेस पुन्हा सुरू होण्यास नकार देते. जोडण्यांची मर्यादा 8,000 वरून 2,000 वर आणल्यावर सुरू होते. पुन्हा आज्ञा. आता एररही नाही, काहीच नाही. भरण्याचे साधन मुख्य सर्व्हरकडून डेटा येईपर्यंत काही न बोलता वाट पाहते. पण हे गिटलॅबच्या कामाच्या टिपणांत कुठे लिहिलेले नव्हते.

इंजिनिअरला वाटते, आधीच्या प्रयत्नांतल्या फाइली उरल्या असतील. ते साधन रिकामीच डिरेक्टरी मागते. म्हणून डीबी2 वरची डिरेक्टरी पुसायचे तो ठरवतो.

परवानग्यांच्या बाबतीत पोस्टग्रेस कडक आहे. डेटा डिरेक्टरी मालकाखेरीज इतरांना खुली दिसली, तर त्या काळच्या आवृत्त्या सुरूच होत नसत. पण सुडो लावून, म्हणजे सर्वाधिकाराने, दिलेली पुसण्याची आज्ञा यातले काही विचारत नाही.

23:27

आज्ञा सुटते. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात येते: हा डीबी1 आहे. तो आज्ञा थांबवतो. सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरले आहेत. भारतात पहाटेचे 4:57.

आज यापुढे सुडोने काही न चालवलेलेच बरे, असे तो सहकाऱ्यांना कळवतो.

मध्यरात्रीच्या आसपास

एस-3 वरच्या प्रती शोधल्या जातात. साठवण रिकामी आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूरवरचे डिस्क स्नॅपशॉट पाहिले जातात. डेटाबेस सर्व्हरसाठी ते कधी चालूच केले नव्हते. जपणुकीच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची नाही, असे कंपनी स्वतःच सर्वांना खुल्या असलेल्या टिपणात लिहिते. उरतो तो 17:20 चा, सहज घेतलेला स्नॅपशॉट. तो नसता तर रोजच्या वेळापत्रकातल्या आधीच्या स्नॅपशॉटवर जावे लागून 24 तासांपर्यंतचा डेटा गेला असता.

1 फेब्रुवारी

चाचणीच्या सर्व्हरची डिस्क संथ, वेग 60 मेगाबिट प्रतिसेकंदाच्या घरात. प्रत उतरवण्याचे काम यूट्यूबवर थेट दाखवले जाते. संध्याकाळी 6 नंतर सेवा परत येते.

सुमारे 5,000 प्रकल्प, 5,000 टिप्पण्या आणि 700 नवी खाती यांच्या नोंदी गेल्या. लोकांचे कोड वेगळ्या ठिकाणी होते, ते वाचले.

प्रती नीट उतरतात का, हे नियमित का तपासले नव्हते, हा प्रश्न गिटलॅबने 10 फेब्रुवारीच्या अहवालात स्वतःलाच विचारला. उत्तर एका वाक्यात होते: त्या कामाची जबाबदारी कुणाकडेच नव्हती.