मुक्तशैली : प्रौढ वयात शिकताना
कोल्हापूरचे वीरधवल खाडे २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्या मुक्तशैलीच्या शर्यतींत उतरले, ती शैली प्रौढ वयातही आत्मसात करता येते. मात्र पंचगंगेत वा विहिरीत डोके वर ठेवून पोहायला शिकलेल्या राजारामपुरीतील प्रौढास तरणतलावात पहिल्याच फेरीत धाप लागते. दोष वयाचा नसतो. डोके उचलले की कंबर व पाय खाली जातात आणि पाण्याचा विरोध वाढतो. म्हणून नजर तळाकडे ठेवावी. श्वास पाण्यातच सावकाश सोडावा. घेताना डोके न उचलता शरीरासोबत कुशीकडे वळवावे. पाय गुडघ्यातून नव्हे, कमरेपासून हलवावेत. आरंभी उथळ पाण्यात काठ धरून केवळ श्वासाचा सराव करावा. श्वास स्थिरावला की पाण्याची भीती ओसरते. वेग त्यानंतरच वाढवावा.