किल्लारीच्या संवाद सहायक

गणपती बोळवून गावं नुकतीच झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती टाकून जड झालेली माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली.

मदत सगळीकडून आली. पण सरकारी घरदुरुस्ती सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्था त्यांच्या पाठीशी होती. माळवद हलकं केलं का, भिंतीत आरपार दगड बसवला का, हे त्या घरमालकिणींना समजावत. पुढं २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला. तेव्हा याच भागातल्या बायका तिथं गेल्या आणि आपली घरं कशी उभी राहिली ते तिथल्या बायकांना सांगितलं.

ऑक्टोबर २०२० च्या पावसानं आपल्या इंदापूर-बारामतीलाही झोडपलं. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की एक यादी करा: पडायला आलेली भिंत कुणाची, एकटी म्हातारी कुठं राहते. वेळ आली तर पहिली हाक कुठं मारायची ते ठाऊक असेल.