निद्रानाश आणि जागल : यवतमाळ जिल्ह्याच्या अनुषंगाने

निद्रानाशाच्या चिकित्सेचा इतिहास बहुधा औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८६९ साली लीब्राइख याने क्लोरल हायड्रेटचा निद्राकारक गुण दाखवून दिला. १९०३ मध्ये बार्बिटाल आले आणि १९६० नंतर बेंझोडायझेपीन वर्गातील गोळ्यांनी त्याच्या जातीच्या औषधांना हळूहळू मागे सारले. या क्रमात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. रुग्णाजवळ अंथरूण आहे, रात्र आहे आणि उणीव आहे ती केवळ झोपेची. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या रात्रीचा विचार करू लागताच हे गृहीत डळमळते. झोप न येणे आणि झोप न मिळणे या दोन भिन्न अवस्था आहेत. त्यांतील भेद व त्यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मराठी भाषेने हा भेद पूर्वीच केलेला आहे. जागरण किंवा जागर हे व्रत आहे. देवीसाठी अथवा खंडोबासाठी ते स्वेच्छेने केले जाते. जागल हे मात्र काम आहे. गावगाड्यात रात्रीच्या राखणीसाठी नेमलेला 'जागल्या' याच शब्दाचा धनी. वऱ्हाडात आजही पिकाच्या राखणीसाठी रात्री शेतावर राहण्याला 'जागलीला जाणे' असेच म्हणतात. मळ्यातील माचाणावर बसून, डबा वाजवून किंवा हाकारे देऊन रानडुकरांना व रोह्यांना परतवणे हे त्याचे स्वरूप. निद्रानाशाला वैद्य शोधावा लागतो. जागलीला तो कोणी शोधत नाही, कारण ती कोणी व्याधी मानीतच नाही.

प्राचीन वैद्यकाची दृष्टी या बाबतीत अधिक व्यापक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाची पाच कारणे दिली आहेत : कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. यांपैकी कालाचा अर्थ टीकाकार चक्रपाणिदत्त वार्धक्य असा घेतो. यादीच्या अग्रभागी मात्र व्याधी नसून कार्य आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उपचारांत अभ्यंग, स्नान, दूध, मनाला सुख देणारे गंध व शब्द आणि सुखकर शय्या यांचा समावेश होतो. दिवसा झोपणे एरवी निषिद्ध मानणाऱ्या याच अध्यायाने जागरणाने थकलेल्यांना त्यातून सूट दिली आहे. वाग्भट तर याहून नेमके सांगतो. सवय नसता रात्री जागावे लागल्यास, जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे, असे त्याचे मत आहे. जागलीहून परतलेल्या माणसाला हा नियम तंतोतंत लागू पडतो. अडचण एवढीच की, ज्या हंगामात जागल असते त्याच हंगामात सकाळी कापूसवेचणी किंवा सोयाबीनची सोंगणीही असते.

आधुनिक वैद्यकाची व्याख्या या ठिकाणी अधिक काटेकोर, परंतु अधिक संकुचित आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणानुसार आठवड्यातून किमान तीन रात्री व किमान तीन महिने झोपेची तक्रार असली पाहिजे, आणि ती झोपेची पुरेशी संधी असूनही असली पाहिजे. या शेवटच्या अटीमुळे जागलकरी व्याख्येच्या बाहेर राहतो. शास्त्रदृष्ट्या ही अट योग्यच आहे. ज्याला झोपायला वेळच नाही त्याला झोपेची गोळी देण्यात अर्थ नाही. तथापि स्पीलमनने १९८७ मध्ये मांडलेल्या विवेचनाप्रमाणे मूळ प्रवृत्ती, तात्कालिक निमित्त आणि व्याधी टिकवून धरणाऱ्या सवयी या तिहींच्या योगाने निद्रानाश जडतो. निमित्त सरले तरी सवय राहू शकते. म्हणजे जागल हंगामाबरोबर संपली, तरी तिच्यामुळे विस्कटलेली झोप तिच्याबरोबर परतेलच असे नाही. त्यात कर्जाची चिंता मिसळली तर संधी असूनही झोप येत नाही. तेव्हा 'न मिळणारी झोप' ही 'न येणारी झोप' होते.

यवतमाळ जिल्ह्यात ही निमित्ते एकाहून अधिक आहेत. कृषिपंपांना काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे ओलिताचे काम रात्रीवर गेले. दिवसा वीज मिळावी यासाठी शासनाने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली, यातूनच या प्रश्नाची व्याप्ती कळून येते. दुसरे निमित्त भयाचे. पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१६ ते २०१८ या काळातील तेरा मृत्यूंशी टी-१ अथवा 'अवनी' या वाघिणीचे नाव जोडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीच्या परिसरात ती मारली गेली. जागलीला जावे तर जिवाची भीती आणि घरी राहावे तर पिकाची, अशा पेचात घरातील अंथरूणही झोपेचे राहत नाही.

याचे परिणाम केवळ थकव्यापुरते मर्यादित नाहीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यात या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. २०१५ मध्ये राज्य शासनाने चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यांत यवतमाळचा समावेश होता. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी विचारपूस करून त्रस्तांना समुपदेशनापर्यंत पोहोचवावे, ही त्यामागील कल्पना. विदर्भातीलच तीस खेड्यांत राबविलेल्या 'विश्राम' उपक्रमात, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. अशा विचारपुशीत 'झोप येते का?' हा प्रश्न विशेष उपयोगी ठरतो. मनाचे दुखणे सांगण्यास संकोचणारा माणूसही झोपेविषयी मोकळेपणाने बोलतो.

२०१६ पासून अमेरिकन वैद्यक महाविद्यालयाने दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांआधी वर्तनोपचार सुचविला आहे. ठरलेल्या वेळी उठणे आणि झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे, ही त्याची मुख्य सूत्रे. ती परिणामकारक आहेत; परंतु ती पाळण्यासाठी रात्र माणसाच्या स्वतःच्या मालकीची असावी लागते. म्हणून यवतमाळच्या संदर्भात शेताचे कुंपण, दिवसाची वीज आणि पीकहानीची वेळेवर मिळणारी भरपाई यांना निद्राचिकित्सेचे अंग मानणे प्राप्त होते. चरकाने कार्याला कारणांच्या यादीत स्थान दिले, त्याचा आजचा अर्थ हाच होय. वैद्याने झोप कशी येईल हे पाहण्यापूर्वी ती कोणी व कशासाठी हिरावली, हे विचारले पाहिजे.