घाटावर बसून चित्र काढणारी बाई

नाशिकच्या गोदाघाटावर आपण आंघोळीला जातो, दिवा सोडतो, बाजार करतो. त्याच पायऱ्यांवर वही घेऊन बसलेले चित्रकारही आपण पाहतो. आज त्यांच्याविषयी बोलू या.

उघड्यावर बसून रंगवणं पूर्वी सोपं नव्हतं. रंग घरीच खलावे लागत. पुढे जलरंगाच्या सुक्या वड्या आल्या. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकारानं तैलरंगासाठी धातूची मऊ नळी काढली, आपल्या टूथपेस्टसारखी दाबायची. रंग पिशवीत घालून कुठेही नेता येऊ लागले. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि समोरचं पाहून रंगवायची रीत आपल्याकडे रुजली. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी रंकाळा रंगवला. नाशिकचे शिवाजी तुपे जलरंगातल्या निसर्गचित्रांसाठी नावाजले गेले. रामकुंड, दुतोंड्या मारुती, १७४७ चं नारोशंकराचं देऊळ, हे सगळं कितीतरी कागदांवर उतरलं.

घाटाच्या चित्रांत बाया भरपूर असतात. धुणं धुणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, ओल्या लुगड्यानं पायऱ्या चढणाऱ्या. पण कुंचला हातात धरलेली बाई शोधावी लागते. आपल्याला चित्र येत नव्हतं, असं मुळीच नाही. दारची रांगोळी आपली. वारली लग्नात भिंतीवर देवचौक लिहितात त्या सवाष्णीच. हात तयार होता, पण त्याची हद्द अंगणापर्यंत होती.

ती हद्द काहींनी ओलांडली. १९१२ साली जन्मलेल्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये जे. जे.ची पदविका मिळवली. त्यांचे वडील, चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर, त्याच कलाशाळेत शिकवत. घरचा पाठिंबा होता, म्हणून वाट सोपी झाली.

आज आपल्या मुली एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात. पण मुलगा घाटावर बसला तर तो चित्रकार, आणि मुलगी बसली तर "इथं एकटी काय करतेस?" रंगपेटी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. कुणी हटकणार नाही असा एक तास मात्र मिळत नाही.

तो तास आपला गट देऊ शकतो. तीन-चार मुलींना मिळून गोदा पार्कात किंवा घाटावर पाठवू या. सोबत गटातली एक ताई बसेल, हवं तर भाजी निवडत.

हे कशासाठी? गोदापात्रातल्या जुन्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट आलं. घाट बदलतो आहे. देवळाचा कळस कुणीही रंगवेल. पण धुण्याचा दगड कुठं झिजलाय, कुठल्या पायरीवर पाय घसरतो, बाया कुठं टेकून दम घेतात, हे आपल्याला माहीत आहे. ते आपल्या मुलींच्या हातून कागदावर आलं, तरच पुढच्यांना दिसेल.